पिकअपला एअर लावू की पाटेच नीट करून घेऊ?

वाशीला आंबा उतरवून रिकामी पिकअप देवगडला परत आणलीय कधी? नांदगाव तिठ्यापर्यंत हायवेवर निभावून जातं. तिठ्यावरून आत वळलं की हौदा उड्या मारायला लागतो, सीटमागचा जॅकचा दांडा खणखणत राहतो आणि घर येईपर्यंत कंबर कामातून जाते. मग चहा पिता पिता कुणीतरी म्हणतंच, एअर लावून टाक.

हे "एअर" म्हणजे नक्की काय, ते आधी विचारून घ्या. या एका शब्दाखाली दोन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. एकीत पाटे, म्हणजे मागच्या एक्सलवर भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, जागेवर राहतात. एक्सल आणि चासी (गाडीचा सांगाडा) यांच्यामध्ये, रबरी ठोकळ्याच्या जागी, दोन फुगे बसतात. दुसरीत पाटे काढूनच टाकतात आणि सगळा भार हवेवर घेतात. पहिलीला मी हेल्पर फुगे म्हणतो, दुसरीला पूर्ण एअर. तिसरा पर्याय फुकटात दिसतो म्हणून कोणी धरत नाही: आहेत तेच पाटे नीट करणं.

आमच्या पाटेवाल्याने मला एका वाक्यात गप्प केलं होतं: "अरे, हवा भरलंस म्हणान पाटो मऊ होणा नाय."

खरंच आहे. पिकअपचे पाटे पूर्ण भाराच्या हिशेबाने केलेले असतात. पाच डझनी पेटीत अडीचशे ग्रॅमचं फळ धरलं तर नुसता आंबा पंधरा किलो होतो, म्हणजे शंभर पेट्यांत दीड टन, आणि लाकूड-पेंढा वेगळाच. एवढं पेलणारा पाटा रिकाम्या हौद्याखाली वाकणारच नाही, खड्ड्याचा दणका तसाच वर पाठवेल. त्याच्या जोडीला फुगा बसवला की ताठपणा वाढतो, कमी होत नाही. म्हणून रिकाम्या गाडीत कंबर वाचवायला हेल्पर फुगे घेणार असाल तर पैसे पाण्यात गेले समजा. विकणारा हे सांगत नाही.

मग फुगे कशाला? भरलेल्या गाडीसाठी. मागची बाजू बसली की हेडलाइट आभाळात जातात, पुढची चाकं हलकी होतात, पाटे तळाला टेकून ठोकर मारतात. फुग्यात भाराप्रमाणे हवा भरली की हौदा पुन्हा लेव्हलला येतो आणि ठोकर थांबते. बाहेरच्या नामांकित किटमध्ये साधारण 5 पौंडांपासून 100 पौंडांपर्यंत हवा चालते. मासळीवाल्यांना हे जास्त पटेल, कारण बर्फासकट क्रेट भरून निघालेल्या गाडीचं वजन वाटेत पाणी गळून उतरत जातं. हवा कमी-जास्त करता येते, पाटा रोज कोण बदलणार! दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या रॅम्पवर शेपूट घासणाऱ्या गाडीलाही फरक पडेल.

फुग्यांचे दोन धोके घाटात कळतात, आणि दोन्ही मी चुकून शिकलोय.

पहिला नळीचा. मला बसवून देणाऱ्याने दोन्ही फुगे टी-जोड घालून एकाच व्हॉल्व्हवर आणले. हवा भरायला सोपं. फोंडा घाटातल्या पहिल्याच वळणावर, पेट्या भरलेल्या असताना, गाडी बाहेरच्या अंगाला कलली ती कललीच. कारण साधं आहे. बाहेरचा फुगा दाबला गेला की त्याची हवा नळीतून आतल्या फुग्यात पळते, म्हणजे जिथे आधार हवा तिथेच कमी होतो. परत गेलो तर उत्तर मिळालं, "सगळ्यांना असंच देतो." शेवटी दुसरीकडे दोन स्वतंत्र नळ्या, दोन व्हॉल्व्ह करून घेतले. तुम्ही पहिल्याच दिवशी तसंच सांगा.

दुसरा धोका ब्रेकचा, आणि तो जास्त गंभीर. बऱ्याच पिकअपच्या मागच्या एक्सलला एक बारीक दांडी जोडलेली असते, तिचं दुसरं टोक चासीवरच्या एलएसपीव्ही व्हॉल्व्हला. हौदा खाली बसला की गाडी भरलीय असं धरून हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. फुग्याने हौदा वर उचलून ठेवला की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते. ब्रेक नेमका करूळ घाटाच्या उतारावर कमी मिळतो. म्हणून फुगे बसवले की त्या दांडीचं सेटिंग माहीतगाराकडून तपासून घ्यायचं. मला हे विचारल्याशिवाय एकाही गॅरेजने आपणहून सांगितलं नाही.

पूर्ण एअर ही वेगळीच जात. मुंबईच्या रात्रीच्या व्होल्वोत झोप लागते ती याच्यामुळे. भार वाढला की लेव्हलिंग व्हॉल्व्ह हवा वाढवतो, उतरला की सोडतो. त्यामुळे रिकामी गाडीही मऊ आणि भरलेलीही. थरांच्या सगळ्यात वरच्या पेटीला, मागच्या एक्सलच्या डोक्यावर, हादरे सर्वात जास्त बसतात. तिथलं फळ वाचवायचं तर याच्याइतकं चांगलं काही नाही. अमेरिकेत रॅमच्या 2500 पिकअपला मागचं एअर कंपनीकडूनच मिळतं. आपल्याकडच्या बोलेरो, योद्धा, हायलक्स, सगळ्यांना मागे पाटे.

म्हणजे इथे ते बाहेरून करावं लागणार. पाटा नुसता भार पेलत नाही, एक्सलला जागेवरही धरतो. तो काढला की ते काम करायला वेगळे आर्म आणि आडवा रॉड वेल्ड करावे लागतात, शिवाय कंप्रेसर, टाकी, व्हॉल्व्ह. खर्च फुग्यांच्या कित्येक पट. आणि कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हेच ठणकावून सांगितलं. नियमबाह्य बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रोजच्या धंद्याच्या गाडीला मी हे करणार नाही. शिवाय आपली खारी हवा. कंप्रेसर आणि जोड इथे गंजतात, मासळीच्या पाण्याने तर लवकरच. रस्त्यात हवा गेली तर पाट्याची गाडी निदान घरी येते.

फुगे बसवून गाडीची क्षमता वाढते हा गैरसमजही काढून टाका. एक्सल, बेअरिंग, ब्रेक तेच आहेत. जास्त भार पकडला तर 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000. जांभ्याचे चिरे वाहणाऱ्यांना तर मी फुगे नकोच म्हणेन. हौदा खाली बसलेला दिसत नाही म्हणून आणखी दोन थर चढवले जातात.

आता राहिले पाटे. माझ्या रिकाम्या गाडीची उडी निम्म्याने कमी झाली ती यानेच: पाटे उतरवून गंज घासला, मध्ये ग्रीस, शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) बुश नवे, आणि मेलेले शॉकअप बदलले. आमच्याकडे पावसाळ्यानंतर पाटे गंजून एकमेकांना धरतात, मग सरकतच नाहीत. दोष मात्र गाडीच्या बनावटीला जातो. वर टायरची हवा. भरताना मागे घातलेली हवा रिकाम्या परतीला तशीच ठेवण्याची आपल्याला सवय आहे. रिकाम्या गाडीला कंपनीने दारावरच्या पट्टीवर जेवढी दिलीय तेवढीच ठेवा.

एक पाटा काढून टाका असंही कोणी सांगेल. गाडी मऊ होते, पण मग मार्चमध्ये दीड टन भरायचं नाही. घरचीच डबल केबिन असेल, कधीमधी सामान, तर ती गोष्ट वेगळी.

तर पाटेकाम आधी, सगळ्यांनीच. त्यानंतरही भरलेली गाडी ठोकर देत असेल तर दोन स्वतंत्र नळ्यांचे फुगे, सायलेन्सरपासून लांब बसवलेले. माझे फुगे मार्च ते मे कामाला असतात. जूननंतर हवा पाच पौंडांवर आणतो, शून्यावर कधीच नाही, कारण रिकामा फुगा घडी पडून तिथेच फाटतो. दर रविवारी जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतोय का बघतो, आणि फुगा व पाट्यामध्ये अडकलेली जांभ्याची माती नळाने धुऊन काढतो.