लेह ते अगत्ती: ‘ग्रेट सर्कल मॅपर’ अंतराला पक्कं, वेळेला अपुरं

दोन विमानतळांमधलं हवाई अंतर काढायला फुकट मिळणाऱ्या साधनांत ‘ग्रेट सर्कल मॅपर’ हे संकेतस्थळ आजही सगळ्यात भरवशाचं आहे. आडवळणाचे विमानतळ घेतले की त्याचं बळ कळतं आणि मर्यादाही, म्हणून इथे लडाखमधलं लेह आणि लक्षद्वीपमधलं अगत्ती अशी जोडी घेतली आहे.

चौकटीत विमानतळांचे तीन अक्षरी कोड मध्ये आडवी रेघ देऊन टाकायचे: लेहचा आयएक्सएल, अगत्तीचा एजीएक्स. अक्षरं नीट बघून टाका. आयएक्सएल लेह, आयएक्सझेड श्री विजयपुरम (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) आणि आयएक्सयू छत्रपती संभाजीनगर. एक अक्षर चुकलं तरी साधन तक्रार करत नाही, मुकाट्याने दुसऱ्याच गावाचं अंतर देतं. दुसरी नेहमीची चूक एककाची. उत्तर मैलांत येतं, ते किलोमीटरवर आणावं लागतं. सुमारे 1,640 मैल म्हणजे 2,640 किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे हे हिशेबात धरलेलं असल्याने आकडा चोख असतो.

वेळेचं मात्र तसं नाही. बरीच संकेतस्थळं अंतराला ताशी 800 किलोमीटरने भागून वर अर्धा तास मिळवतात आणि पावणेचार तास असं उत्तर देतात. लेह ते अगत्ती पावणेचार तासांत नेणारं विमानच नाही. अगत्तीची धावपट्टी जेमतेम 1,200 मीटरची, तिथे एटीआरसारखी पंख्यांची छोटी विमानं उतरतात. लेह सुमारे 3,250 मीटर उंचीवर, हवा विरळ, त्यात दुपारी वारे आणि ऊन. म्हणून प्रवासी विमानांची गर्दी सकाळच्या वेळात. 2024च्या जुलैअखेरीस पारा 36 अंशांच्या आसपास गेला तेव्हा तिथली काही उड्डाणं रद्दच करावी लागली होती.

म्हणून थेट रेघेवर थांबू नका. लेह-दिल्ली-कोची-अगत्ती असे चारही कोड एका ओळीत टाका. प्रत्येक टप्पा आणि एकूण बेरीज वेगवेगळी दिसते. साधनाची ही सोय फार कमी लोक वापरतात, आणि खरा उपयोग तिथेच आहे. टप्पे साधारण 620, 2,040 आणि 470 किलोमीटरचे, एकूण 3,130. थेट रेघेपेक्षा जवळजवळ 490 किलोमीटर जास्त.

वेग भरायचीही जागा आहे, पण तिथे सगळ्या टप्प्यांना एकच वेग लागू होतो. जेट आणि एटीआर एका प्रवासात असले की ते उत्तर कामाचं नाही. त्यापेक्षा हाताने करा: जेटसाठी अंतर भागिले 800, अधिक 40 मिनिटं, एटीआरसाठी भागिले 500, अधिक अर्धा तास. वरची मिनिटं धावपट्टीपर्यंत सरकण्याची, चढण्या-उतरण्याची आणि रांगेची. या हिशेबाने दिल्लीपर्यंत साधारण दीड तास, पुढे सव्वातीन, शेवटी पुन्हा दीड. विमानात बसण्याचे सव्वासहा तास धरा.

प्रवास मात्र दोन दिवसांचा. लेहहून सकाळी निघून कोचीला पोहोचेपर्यंत त्या दिवशीचं अगत्तीचं विमान बहुधा गेलेलं असतं, तेव्हा कोचीला मुक्काम धरूनच तिकिटं काढा. उलट फेरीत दिल्लीला रात्र काढणं बरं, कारण लेहचं पहाटेचं विमान चुकवून चालत नाही.

अंतरासाठी पाचपैकी पाच, वेळेसाठी दोन. विमानतळाच्या पानावर उंची आणि धावपट्टीची लांबी दिलेली असते, ती आधी वाचा. कोणतं विमान तिथे उतरू शकेल याचा अंदाज त्यावरूनच येतो. आणि लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. तो हातात आल्याशिवाय कोचीपुढचं तिकीट काढू नका.