जुन्या रॉ फायली नव्याने उजळताना: डार्कटेबलची पारख

डार्कटेबल हे रॉ फायलींवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेल्या कच्च्या नोंदीवर, काम करणारे मोफत आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर २००९ पासून उपलब्ध आहे. ते लिनक्स आणि मॅकवर चालते, आणि डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या २.४ या आवृत्तीपासून विंडोजवरही चालते. अशा सॉफ्टवेअरची परीक्षणे बहुधा नव्या कॅमेऱ्याचे नवे फोटो घेऊन केली जातात. इथे मी त्याला एकाच कसोटीवर घासून पाहिले आहे: दहा-पंधरा वर्षांपूर्वी काढलेले आणि तेव्हाच्या आवडीनुसार एडिट केलेले फोटो आज सुधारलेल्या नजरेने पुन्हा हाती घ्यायचे असतील, तर ते कितपत साथ देते? माझे मत असे की ते उत्तम साथ देते. मात्र त्यासाठी जुन्या एडिटची डागडुजी करण्याचा मोह टाळून मूळ फायलीपासून नव्याने सुरुवात केली पाहिजे.

हे शक्य होते ते रॉ फायलीमुळे. २००८ साली आलेला कॅनन ४५०डी हा कॅमेरा आज कोणी विकत घेणार नाही, पण त्याची रॉ फाइल १४ बिटची आहे, म्हणजे प्रत्येक पिक्सेलसाठी प्रकाशाच्या १६,३८४ पातळ्यांची नोंद तिच्यात होऊ शकते; जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पातळ्याच मिळतात. सेन्सरने त्या दिवशी टिपलेले सगळे त्या फायलीत जसेच्या तसे असते, आणि त्यातले किती बाहेर काढता येईल हे सॉफ्टवेअरवर आणि आपल्या हातावर ठरते. ज्यांच्याकडे त्या काळातल्या फक्त जेपेग फायली उरल्या आहेत, त्यांना या खटाटोपातून फार काही हाती लागणार नाही.

डार्कटेबल मूळ फायलीला हातच लावत नाही. आपण केलेला प्रत्येक बदल ते शेजारच्या एका छोट्या एक्सएमपी फायलीत क्रमाने लिहून ठेवते. दरम्यानच्या वर्षांत कालबाह्य ठरवलेली मॉड्यूल (एकेका कामासाठीची अवजारे) नव्या फोटोंसाठी मेनूतून काढली गेली, तरी जुन्या एडिटसाठी ती आत राखून ठेवली आहेत. त्यामुळे जुनी फाइल आजच्या आवृत्तीत उघडली तरी तिचे रूप पूर्वीसारखेच दिसते. जुन्या फोटोंवर काम करणाऱ्यासाठी ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. डुप्लिकेट मॅनेजरमधून त्याच फोटोची कोरी प्रत काढता येते, तिला दुसरी एक्सएमपी फाइल मिळते आणि डिस्कवर जागाही जवळपास लागत नाही. यादीतल्या जुन्या प्रतीवर माउस दाबून धरला की ती मोठी दिसते, आणि सोडला की आपली नवी प्रत परत समोर येते. स्वतःची नजर कुठे बदलली हे ओळखण्याची इतकी सोपी सोय मला दुसरीकडे सापडलेली नाही.

आता प्रत्यक्ष उदाहरण. सोमवती अमावस्येला खंडोबाची पालखी गडावरून कऱ्हेकडे स्नानाला निघते, तेव्हा जेजुरीच्या पायऱ्यांवर आणि दीपमाळांभोवती भंडाऱ्याची जी उधळण होते, ती महाराष्ट्रातल्या बहुतेक हौशी छायाचित्रकारांनी कधी ना कधी टिपलेली असते. कॅमेऱ्यासाठी हा प्रसंग फार अवघड आहे. हळदीच्या रंगात लाल सर्वाधिक, त्याखालोखाल हिरवा आणि निळा जवळजवळ नगण्य असतो. जुन्या पद्धतीत बेस कर्व्ह (उजेड-अंधाराचा ठरावीक वक्र लावणारे जुने मॉड्यूल) आणि सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा गडदपणा वाढवून फोटो उजळला, की लाल वाहिनी, म्हणजे फोटोतली लाल रंगाची नोंद, आधी टोकाला जाऊन थांबते आणि हिरवी मात्र वर चढतच राहते. परिणामी भंडाऱ्याचा तांबूस पिवळा रंग लिंबाच्या पिवळ्याकडे घसरतो. दोन्ही वाहिन्या टोकाला पोहोचल्या की हवेत तरंगणारे कण नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी सपाट पिवळा डाग उरतो. माझ्या संग्रहातल्या जुन्या एडिटमध्ये नेमके असेच दिसते: भंडारा झगझगीत आहे, पण त्यात हळद नाही.

कोऱ्या प्रतीवर डिसेंबर २०२२ च्या ४.२ आवृत्तीत आलेले सिग्मॉइड हे मॉड्यूल वापरले, की चित्र बदलते. उजेड वाढत जाताना मूळ रंगछटा राखण्याची सोय त्यात आहे, त्यामुळे सर्वांत प्रकाशमान भाग हळूहळू फिका होत पांढऱ्याकडे जातो, पण लिंबासारखा होत नाही. उन्हाची तिरीप जिथे भंडाऱ्याच्या लोटातून आरपार येते, तिथले कण पुन्हा सुटे दिसू लागतात आणि पालखीच्या खांद्यामागचा माणूस त्या धुरकट पिवळ्यातून ओळखू येतो. हा तपशील फायलीत पहिल्या दिवसापासून होता.

व्हाइट बॅलन्सची, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे यासाठी रंग जुळवण्याची, गोष्ट वेगळी. चौकट पिवळ्याने भरलेली असली की स्वयंचलित व्हाइट बॅलन्स फसतो आणि फोटो निळसर करू पाहतो. शिवाय ज्यावरून पांढरे ठरवावे असे काहीच उरत नाही, कारण टोप्या, सदरे, पायऱ्या सगळे भंडाऱ्याने माखलेले असते. अशा वेळी कलर कॅलिब्रेशनमध्ये सरळ दिवसाचा प्रकाश निवडावा आणि तापमान डोळ्यांनी थोडे सरकवावे. उन्हाने रापलेल्या चेहऱ्यांचा रंग जुळला की बाकीचे आपोआप जागेवर येते, म्हणून मी आधी भंडाऱ्याकडे पाहतच नाही, चेहऱ्यांकडे पाहतो.

जुन्या एडिटचा आणखी एक ठसा म्हणजे सावल्या ओढून वर आणण्याची तेव्हाची हौस. दीपमाळेचा काळा दगड उजळताना तिच्या कडेने आकाशात पांढरट झालर उमटायची. डिसेंबर २०१९ च्या ३.० आवृत्तीत आलेले टोन इक्वलायझर हेच काम कडा ओळखून करते, आणि दगडाचा खडबडीतपणाही टिकवते. मास्कची (कोणता भाग किती उजळायचा हे ठरवणाऱ्या आवरणाची) सेटिंग्ज समजून घेण्याइतका धीर मात्र हवा. ती चुकली की झालर परत येते.

नॉइजच्या, म्हणजे कमी उजेडातल्या फोटोंवर उमटणाऱ्या ठिपक्यांच्या, बाबतीत माझे कौतुक जरा हात राखून आहे. डिनॉइज प्रोफाइल्ड हे मॉड्यूल कॅमेरा आणि आयएसओनुसार (प्रकाशाच्या संवेदनशीलतेच्या सेटिंगनुसार) मोजलेल्या नोंदी वापरते, जुन्या कॅमेऱ्यांच्या नोंदीही त्यात आहेत, आणि ४५०डीच्या १६०० आयएसओवर काढलेल्या पहाटेच्या फोटोंचे रंगीत ठिपके ते छान काढते. तरीही एप्रिल २०२३ मध्ये अडोबीच्या लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये आलेल्या डीनॉइज या सोयीइतका स्वच्छ निकाल त्यातून मिळत नाही. मला स्वतःला थोडा दाणा चालतो. मेणासारख्या गुळगुळीत चेहऱ्यांपेक्षा तो बरा वाटतो.

उणिवा सांगायलाच हव्यात. मॉड्यूलची संख्या प्रचंड आहे आणि एकाच कामासाठी जुने आणि नवे असे दोन-तीन मार्ग शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. सिग्मॉइड आणि बेस कर्व्ह एकत्र चालू ठेवू नयेत हे नवख्याला कोणी सांगितले नाही, तर तो दिवसभर गोंधळेल. चांगले ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर नॉइजचे मॉड्यूल चालू केल्यावर प्रत्येक बदलानंतर थांबावे लागते. लाइटरूममधून येणाऱ्यांचे रेटिंग आणि टॅग येतात, क्रॉपसारखे काही मोजके बदलही येतात, पण संपूर्ण एडिट येत नाही. मी वर म्हटल्याप्रमाणे कोऱ्या फायलीपासूनच सुरुवात करायची असेल, तर याची फारशी झळ लागू नये.

ज्यांना दर महिन्याला शेकडो फोटो ग्राहकाला द्यायचे आहेत, त्यांनी सरावातलेच सॉफ्टवेअर वापरावे. ज्यांच्या हार्ड डिस्कवर जुन्या रॉ फायली पडून आहेत, सबस्क्रिप्शनचे पैसे मोजायची इच्छा नाही आणि एका फोटोवर संध्याकाळ घालवण्याची तयारी आहे, त्यांना डार्कटेबल मी मनापासून सुचवीन. सुरुवात करण्यापूर्वी एवढे करावे: सगळ्या रॉ फायली त्यांच्या एक्सएमपी फायलींसह दुसऱ्या डिस्कवर कॉपी कराव्यात, कारण आजवरचे सगळे एडिट त्या छोट्या फायलींत आहेत आणि बॅकअप घेताना पुष्कळदा त्याच मागे राहतात.