नेट बंद, खेळ चालू: लॅनवरच्या पाच मोफत गेमची पारख

‘लॅन सपोर्ट’ (लॅन म्हणजे एकाच राउटरला जोडलेल्या मशीनचं घरगुती नेटवर्क) असं लिहिलेले गेम शोधायला गेलं की यादी लांबलचक मिळते. पण त्यातल्या बऱ्याच गेमना लॅनवर खेळण्याआधी एकदा इंटरनेटवरून लॉगिन लागतं. स्टारक्राफ्ट २ मध्ये तर २०१० साली तो आला तेव्हापासूनच लॅनची सोय नाही. म्हणून वर्णनावर विसंबू नका, स्वतः तपासा. राउटरमागची इंटरनेटची वायर आधी काढा, मग दोन्ही लॅपटॉपवर गेम उघडा, एकाने होस्ट करा (म्हणजे सामना आपल्या मशीनवर सुरू करा), दुसऱ्याने जोडा आणि दहा मिनिटं खेळा. खेळ चालू असताना वायर काढून काही कळत नाही, कारण तोवर लॉगिन होऊन गेलेलं असतं.

खालचे पाचही गेम या कसोटीला उतरतात, फुकट आहेत आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतात. चार ते आठ जण, जुने-नवे लॅपटॉप, त्यातल्या काहींत ग्राफिक्स कार्ड नाही, असं टोळकं डोळ्यासमोर ठेवून ही पारख केली आहे.

सगळ्यात आधी असॉल्टक्यूब उतरवा. डाउनलोड जेमतेम पन्नास-साठ एमबी, आणि दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवरही पळतो. नेमबाजीचा साधा, वेगवान खेळ आहे, त्यामुळे नवख्याला पाच मिनिटांत जमतो. एका मशीनवर फोल्डरमधली सर्व्हरची फाइल चालवायची. बाकीच्यांनी टी दाबून तिरपी रेघ, कनेक्ट (/connect) आणि होस्टचा आयपी पत्ता (नेटवर्कवर त्या मशीनला मिळालेला आकडा, तो कसा बघायचा ते शेवटी आहे) टाइप करायचा. चित्रं जुनाट दिसतात हे खरं, पण सगळ्यांच्या मशीनवर सारखं पळणं हा लॅनवर चित्रांपेक्षा मोठा गुण आहे.

संध्याकाळभर बसायचं असेल तर मात्र झिरो ए.डी. हाच. प्राचीन काळातली राज्यं वसवायची, शेती-लाकूडतोड करायची, सैन्य उभारायचं आणि शेजाऱ्यावर चालून जायचं. एका सामन्यात आठ जण खेळू शकतात. यात मौर्यही आहेत. चंद्रगुप्त, अशोक आणि चाणक्य हे त्यांचे नायक, आणि त्यांच्याकडे कामाचा हत्ती असतो. लाकूडतोडे जंगलात जिथे असतील तिथे हा हत्ती नेऊन उभा करा, ते तोडलेलं लाकूड तिथल्या तिथे त्याच्यापाशी जमा करतात, कोठार बांधण्याचा खर्च आणि हेलपाटा दोन्ही वाचतात. सुरुवातीच्या मिनिटांत हा हत्ती जो नीट फिरवतो, तो पुढे निघून जातो.

जोडणी सोपी आहे, पण हाताने करावी लागते. लॅनवरचे सामने यात आपोआप दिसत नाहीत. होस्टने मल्टिप्लेअरमधून ‘होस्ट गेम’ निवडायचं, पोर्ट (गेमच्या जोडणीचा ठरलेला क्रमांक) २०५९५ तसाच ठेवायचा. बाकीच्यांनी ‘जॉइन गेम’मध्ये होस्टचा आयपी लिहायचा. इथेच एक जण हमखास अडकतो. विंडोजची फायरवॉल परवानगी विचारते तेव्हा त्या चौकटीत झिरो ए.डी. हे नाव नसतं, ‘पायरोजेनेसिस’ असतं. अनोळखी नाव बघून माणूस रद्द करतो आणि विंडोज त्या प्रोग्रामला कायमचं अडवून ठेवतं. पुढच्या वेळी चौकट येतही नाही. मग कंट्रोल पॅनेलमधल्या फायरवॉलच्या परवानगीच्या यादीत जाऊन पायरोजेनेसिससमोर खाजगी नेटवर्कची खूण करावी लागते.

दुसरी अडचण लॅगची, म्हणजे खेळ रखडण्याची. हा गेम प्रत्येक मशीनवर अख्खा सामना स्वतंत्रपणे मोजतो, वायरवरून फक्त खेळाडूंचे हुकूम जातात. त्यामुळे नेटवर्क कितीही वेगवान असलं तरी सगळ्यात संथ लॅपटॉपच्या वेगाने सगळ्यांचा खेळ चालतो. आठ जण असाल तर लोकसंख्येची मर्यादा प्रत्येकी १०० ठेवा आणि नकाशा मध्यम घ्या. सगळे लॅपटॉप चार्जरवर असू द्या, कारण बॅटरीवर गेलेला एक लॅपटॉप प्रोसेसरचा वेग उतरवतो आणि बाकी सातही जण रखडतात. सगळ्यांकडे तीच आवृत्ती आणि तेच मॉड (गेममध्ये वरून घातलेले बदल) हवेत, नाहीतर जोडणीच होत नाही किंवा मशीनांचे हिशेब जुळत नाहीत आणि ‘आउट ऑफ सिंक’ येतं. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या अल्फा २७ या आवृत्तीपासून (तिचं नाव ‘अग्नी’) लॅनवरचा सामना सेव्ह करून दुसऱ्या दिवशी पुढे चालवता येतो. डाउनलोड एक जीबीहून मोठं आहे, ते आदल्या दिवशीच उरका.

घरात लहान मुलं असतील तर लुआन्टी. ऑक्टोबर २०२४ पर्यंत याचं नाव माइनटेस्ट होतं. ठोकळ्यांचं जग, खणायचं, बांधायचं. नुसतं लुआन्टी उतरवलं तर आत खेळ नसतो, तो आतल्या यादीतून वेगळा घ्यावा लागतो, आणि त्यासाठी नेट लागतं. पण हा खेळ फक्त होस्टच्या मशीनवर असला की पुरतं. बाकीचे जोडले गेले की चित्रं-आवाज होस्टकडूनच त्यांच्याकडे उतरतात. पाचांपैकी तयारीला सगळ्यात हलका हाच. पोर्ट ३००००.

ओपनटीटीडी हा रेल्वे, बस, जहाजांचा धंदा उभा करण्याचा खेळ. एका सामन्यात १५ कंपन्यांपर्यंत चालतात आणि दोन-तीन जणांना मिळून एकच कंपनीही चालवता येते, जी याची खरी मजा आहे. लॅनवरचा सर्व्हर शोधायचं बटण आहे. आवृत्ती तंतोतंत सारखी हवी. उशिरा आलेला माणूस जोडला जाताना नकाशा त्याच्याकडे उतरेपर्यंत सगळ्यांचा खेळ थांबतो, तेव्हा बिघडलं समजून कोणी बंद करू नका.

झोनॉटिक असॉल्टक्यूबपेक्षा देखणा आणि कितीतरी वेगवान. झिप उघडली की पेनड्राइव्हवरूनही चालतो, लॅनवरचे सामने यादीत आपसूक येतात, आणि माणसं कमी असली तर बॉट (गेमच चालवतो ते खेळाडू) घालता येतात. जुन्या लॅपटॉपवर इफेक्ट अगदी खाली आणावे लागतात. नवख्याला पहिला अर्धा तास नुसता मार खावा लागतो, म्हणून मिश्र टोळक्यात हा शेवटी काढा.

आता सगळं बरोबर करूनही एकमेकांचे सामने दिसत नसतील तर काय? विंडोजच्या कमांडच्या खिडकीत आयपीकॉन्फिग (ipconfig) चालवून प्रत्येकाचा पत्ता बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पत्ता वाटणारं कोणी नाही. नुसत्या स्विचला मशीन जोडली की असं होतं, कारण स्विच पत्ते वाटत नाही. त्याऐवजी कुठलाही जुना वाय-फाय राउटर घ्या, त्याला इंटरनेट नसलं तरी तो पत्ते वाटतो.

काहींचा पत्ता १९२.१६८.० आणि काहींचा १९२.१६८.१ ने सुरू होत असेल, तर घरात दोन राउटर एकामागे एक लागलेत. आपोआप शोधणारा संदेश एका राउटरपलीकडे जात नाही. दुसऱ्या राउटरमध्ये डीएचसीपी (पत्ते वाटण्याची सोय) बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्यापेक्षा वेगळा ठेवा आणि वायर त्याच्या वॅन भोकातून काढून लॅन भोकात घाला.

पत्ते बरोबर आहेत तरी दिसत नाही? वाय-फाय गेस्ट नेटवर्कवर असेल किंवा राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ (वाय-फायवरच्या मशीन एकमेकांपासून तोडणारी सेटिंग) चालू असेल, तर मशीन एकमेकांशी बोलूच शकत नाहीत. विंडोजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ असेल तर ‘प्रायव्हेट’ करा. हमाची किंवा व्हर्च्युअलबॉक्स हे प्रोग्राम स्वतःचा खोटा नेटवर्क अडॅप्टर बनवतात, ते टाकलेल्या मशीनवर गेम त्या चुकीच्या अडॅप्टरवर हाका मारत बसतो, तो अडॅप्टर खेळापुरता बंद करा. पिंगला (दुसरं मशीन उत्तर देतं का ते बघणारी कमांड) उत्तर आलं नाही म्हणून नेटवर्कला दोष देऊ नका, विंडोजची फायरवॉल अनेकदा पिंगच अडवते आणि गेम मात्र जोडला जातो.

वायर शक्य असेल तिथे वायरच वापरा. पातळ लॅपटॉपला लॅनचं भोक नसतं, त्यासाठी यूएसबीचा डोंगल मिळतो. होस्टचं मशीन तरी वायरवर आणि सगळ्यात ताकदीचं असू द्या. पाचही गेमचे इन्स्टॉलर, विंडोज, लिनक्स आणि मॅकचे वेगवेगळे, एका पेनड्राइव्हवर भरून ठेवा आणि फोल्डरच्या नावात आवृत्तीचा आकडा लिहा.