विणकामाचं हातमशीन: मेरिनोपासून तांब्याच्या तारेपर्यंत

पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेलं हे हातानं चालवायचं विणकाम मशीन थंडी संपेपर्यंत भरपूर वापरलं, म्हणून आता सविस्तर लिहिते. साडेसहा मिलिमीटर गेज (म्हणजे शेजारच्या दोन सुयांमधलं अंतर), १५० सुया, पंचकार्ड (नक्षीसाठीचं भोकांचं कार्ड) नाही, मोटार नाही. बऱ्याच जणी ते स्वेटरसाठी घेतात. मला मात्र एकच साधी वीण वेगवेगळ्या धाग्यांत कशी वागते ते बघायचं होतं.

मेरिनो या मऊ लोकरीबद्दल फार लिहायला नको. लोकरीचा तंतू मुळातच कुरळा, त्यामुळे टाका ताणला तरी जागेवर येतो आणि कॅरेज (सुयांवरून हातानं सरकवायचा भाग) सरसर फिरते. सुताला तेवढी लवचीकता नाही. सगळा ताण सुयांवर येतो आणि कॅरेज जड जाते. धाग्यावर मेण फिरवून, टाक्याचा आकार ठरवणारी डायल थोडी सैल ठेवून आणि खाली वजनं वाढवून काम होतं. तुकडा धुऊन वाळल्यावरच मोजा, मापं बदलतात. सुतळीही विणली जाते, पण तिचा भुसा सुयांच्या उघडझाप करणाऱ्या खिट्ट्यांत बसतो. नंतर ब्रशनं साफसफाई आलीच.

माझा जीव रमला तो धनगरी लोकरीत. दख्खनी मेंढीची, हातानं कातलेली ही लोकर जाडीभरडी असते, कुठे जाड तर कुठे बारीक. सगळ्या सुया लावल्या तर ती अडकते. एकाआड एक सुई लावली की गेज थेट १३ मिलिमीटर होतं आणि लोकर मोकळी चालते. कापड सुरेख जाळीदार येतं, पण साध्या विणीच्या कडा गुंडाळतातच. त्यावर उपाय घोंगडीवाल्यांचा: चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजून, सालं काढून, भिजवून वाटले, पातळ खळ शिजवली, तुकडा पाटावर ताणून दोन्ही बाजूंनी लावली आणि उन्हात वाळवला. कडा सपाट बसल्या, अंगाला ताठा आला आणि टाका न् टाका उठून दिसायला लागला. दिव्याच्या शेडसाठी मला याहून चांगलं कापड सापडलेलं नाही. फक्त ते धुवायचं नाही, खळ निघून जाते.

मोटार वाइंडिंगच्या दुकानात मिळते ती ०.२ मिलिमीटरची एनॅमल चढवलेली तांब्याची तारही विणली. तार जिथे वाकली तिथेच राहते. उसवून पुन्हा विणायचं म्हटलं तर ती कडक होऊन तुटते, त्यामुळे गळलेला टाका लगेच उचलावा लागतो. पण याच स्वभावामुळे विणलेला पट्टा बोटांनी फुगवून वाटीसारखा किंवा कळीसारखा करता येतो आणि तो तसाच राहतो. अमेरिकी शिल्पकार रूथ असावा (Ruth Asawa) १९४७ साली मेक्सिकोत टोपल्या करणाऱ्यांकडून तारेचे फास घालायला शिकल्या आणि त्यातून त्यांची लोंबती शिल्पं घडली. त्यांचं काम संपूर्ण हाताचं, पण तारेचा फास आकार कसा धरून ठेवतो ते तिथे लख्ख दिसतं. तारेसोबत बारीक सुती धागा घेतला तर जाळी भरीव होते. तो मेळ मला फार आवडला.

आता उणिवा. विणताना उलट बाजू आपल्याकडे असते, सुलट बाजू बघायला वाकावं लागतं. उलटे टाके हवे असतील तर सुलटे सोडून एकेक हातानं परत उचलायचे, त्यामुळे रिबचं (उलट-सुलट टाक्यांच्या उभ्या पट्ट्यांचं) काम रटाळ होतं.

बारीक नक्षीचे स्वेटरच करायचे असतील तर साडेचार मिलिमीटरचं पंचकार्डवालं मशीन बघा. जाडेभरडे, हट्टी धागे हाताळायचे असतील तर हेच घ्या, आणि सोबत जादा सुयांचा एक संच मागवून ठेवा.