गेज विकणाऱ्यालाच गेज विकून गेला

आधी आकडा सांगतो, नंतर कुणी विचारलं की जीव जातो. विमानाची तीन इन्स्ट्रुमेंट घेताना फसलो, ३,१२,१५० रुपये. आर्टिफिशियल होरायझन (विमान किती कललंय ते दाखवतो) १,३५,०००, डीजी म्हणजे डायरेक्शनल जायरो (दिशा दाखवतो) ९८,०००, अल्टीमीटर (उंची दाखवतो) ६२,५००, पॅकिंग-कुरियर ४,८५० आणि वर ११,८००, जे मी का दिले ते पुढे येईलच, ते लिहिताना अजूनही कान गरम होतात.

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पण माझा धंदाच गेजचा आहे. इंदूरच्या सियागंजात वडिलांपासूनचं दुकान, प्रेशर गेज, व्हॅक्यूम गेज, पिथमपूरच्या फार्मा कंपन्यांना कॅलिब्रेट करून देतो, सर्टिफिकेटवर सही माझी असते. आणि मलाच गेज विकून गेला एक माणूस, तेही फोनवर.

विमान आमचं तिघांचं, मी, साडूबुवा आणि एक डॉक्टर मित्र. १९७८ चं सेसना १७२, एरोड्रमवर उभं असतं, कुणाला वाटतं आम्ही अंबानी, पण एखाद्या चांगल्या एसयूव्हीवर होतो त्यापेक्षा फार जास्त खर्च नव्हता झाला घेताना, खर्च नंतर होतो. उन्हाळ्यात होरायझन बिघडला. विमान जमिनीवर सरळ उभं आणि काचेतली क्षितिजाची रेघ तिरकी, पाच-सात अंश. डीजी तर आधीपासूनच पंधरा मिनिटांत दहा-बारा अंश सरकायचा, तीन-चार चालतात. आमचे एएमई (विमान दुरुस्तीचे लायसन्सवाले इंजिनियर) काका म्हणाले दोन्ही काढा, आणि अल्टीमीटरचा काटाही अडकतोय, तोही बदला. एआरसी, म्हणजे विमान उडण्यालायक असल्याची तपासणी, तोंडावर आलेली.

आता जुन्यांच्या जागी डिजिटल का नाही लावलं असं बरेच जण विचारतात. गार्मिनचा जी५ बघितला होता, जायरो फिरवणाऱ्या व्हॅक्यूम पंपाची कटकटच जाते, पण आपल्याकडे एसटीसी (विमानात बदल करायची मंजुरी), डीजीसीएची मान्यता, कागदच कागद, आणि आम्हाला तर महिन्याभरात उडायचं होतं. (बाय द वे, ग्रुपवर कुणी स्वस्तात जी५ देत असेल तर पार्ट नंबर बघा. एक्सपेरिमेंटल विमानासाठीचा आणि सर्टिफाइड विमानासाठीचा समोरून अगदी सारखा दिसतो, पण पहिला आपल्या सेसनात लावता येत नाही.) म्हणून ठरलं, तेच जुन्या टाइपचं, ओव्हरहॉल केलेलं, कागदासकट घ्यायचं. हा निर्णय चुकीचा नव्हता, हे मी आजही म्हणतो.

माणूस भेटला पायलट लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. बोलणं एकदम साफ, मी विचारायच्या आधी स्वतःच विचारलं, "सर आपका सक्शन कितना आ रहा है, पाच इंच आता है ना?" असं विचारणारा माणूस खोटा असेल असं कुणाला वाटेल? सांगितलं बेंगळुरूला जक्कूरजवळ गोडाऊन आहे, अमेरिकेतल्या एका रिपेअर स्टेशनमधून ओव्हरहॉल होऊन आलेला लॉट आहे, प्रत्येकाबरोबर ८१३०-३ फॉर्म, म्हणजे पार्ट लावण्यालायक असल्याचा एफएएचा (अमेरिकेच्या विमान नियामकाचा) दाखला. होरायझनचे १,४५,००० सांगत होता, मी दहा हजार कमी करवले आणि त्या दिवशी घरी श्रीखंड घेऊन गेलो. मूर्ख.

आता ती गोष्ट, जी मला रात्री झोपू देत नाही. मी म्हटलं व्हिडिओ कॉलवर माल दाखवा. त्याने लगेच दाखवला, टाळाटाळ नाही काही नाही. अल्टीमीटर हातात धरून चांगला चार मिनिटं फिरवला कॅमेऱ्यासमोर, काच स्वच्छ, आकडे कोरे करकरीत, छोट्या खिडकीत १०१३ (समुद्रसपाटीचा प्रमाण हवेचा दाब, मिलिबारमध्ये) सेट केलेलं, आणि काटा साधारण दोनशे फुटांवर. दोनशे! बेंगळुरू समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर आहे हो. १०१३ लावल्यावर तिथे काटा तीन हजाराच्या आसपास पाहिजे, हवामानाने दोन-तीनशे फूट इकडेतिकडे होईल, बस. म्हणजे एक तर अल्टीमीटर मेलेला, नाहीतर हा माणूस बेंगळुरूत नाही. आमच्या इंदूरलाच बरोबर क्यूएनएच (त्या वेळचा समुद्रसपाटीचा दाब) लावलं तर साडेअठराशे फूट दिसतात, हे मी रोज बघतो, पाठ आहे. आणि मी काय बघत होतो? काच. काच बघत होतो. "ग्लास अच्छा है," असं म्हणालोसुद्धा. माझ्या दुकानात पोरगं नवीन लागलं की मी त्याला पहिल्या दिवशी शिकवतो की गेज हातात आलं की आधी झिरो बघ. नंतर तो स्क्रीनशॉट मी स्वतःच काढलेला सापडला, काट्यासकट.

५०,००० टोकन दिलं, माल निघाला म्हणून एलआर (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) नंबर आल्यावर २,५०,३५०. खातं कुणा ट्रेडिंग फर्मचं होतं, करंट अकाउंट, मला वाटलं चला पर्सनल तर नाही.

पार्सल आलं मिक्सरच्या खोक्यात. थर्माकोलचे तुकडे आणि कन्नड नाही, हिंदी पेपर. जायरो ही वस्तू अशी की टेबलावरून चार बोटं वरून आपटली तरी बेअरिंगची वाट लागते, ओव्हरहॉल करणारे लोक जाड फोममध्ये बाळासारखं गुंडाळून पाठवतात. खोकं हलवलं तर आत खुळखुळ. साडूबुवा तिथेच म्हणाले, "आधी दुकानात नेऊन बेंचवर लावा ना, तुमच्याकडे व्हॅक्यूम पंप आहे." मी त्यांना म्हणालो, "साडूबुवा, ८१३०-३ आहे, एफएएचा कागद आहे, त्यावर मी काय चेक करणार?" हे वाक्य ते आता दर रविवारी मला ऐकवतात.

एएमई काकांनी कागद हातात घेतला आणि पाचव्या मिनिटाला चष्मा काढला. त्या फॉर्ममध्ये खाली दोन बाजू असतात. डावी, १३ नंबरची, नवीन बनवलेल्या पार्टसाठी. उजवी, १४ नंबरची, दुरुस्त किंवा ओव्हरहॉल केलेल्यासाठी. एकच बाजू भरतात. आमच्या कागदावर ११ नंबरात लिहिलेलं ओव्हरहॉल्ड आणि सह्या दोन्हीकडे, एकाच पेनाने. काका म्हणाले, "हे पार्ट नवीन पण आहे आणि जुनं पण."

आणि आता ते ११,८००. मी त्या माणसाला फोन केला, तो अजिबात दचकला नाही. "सर क्लर्कची चूक आहे, रीइश्यू करून देतो, स्टेशनची फी १०,००० अधिक जीएसटी." आणि मी दिले! शंका आल्यावर दिले! माझं म्हणणं एवढंच की तीन लाख अडकलेले असताना माणूस अकरा हजार आठशेकडे बघत नाही, तो तीन लाखांकडे बघतो. त्यानंतर दोन दिवस "प्रोसेस में है," तिसऱ्या दिवशी नंबर बंद.

मग होरायझन लावून इंजिन चालवलं. सक्शन बरोबर पाच, आणि पाच मिनिटं झाली तरी साहेब सरळ होईनात. इंजिन बंद केल्यावर चांगला जायरो दहा-दहा मिनिटं गुणगुणत राहतो, हा चक्कीसारखा घर्र करून मिनिटभरात थांबला. अल्टीमीटर शेवटी दुकानात आणला, वीस मिनिटांचं काम होतं, टिचकी मारली की ऐंशी फूट उडी. काकांनी एफएएच्या वेबसाइटवरून त्या रिपेअर स्टेशनचा पत्ता काढून थेट मेल केला (कागदावर छापलेल्या फोनवर कधीच नाही, तो फोन त्यांचाच असतो). दुसऱ्या दिवशी उत्तर: हा फॉर्म नंबर आमचा आहे, पण २०१९ चा आणि एका टर्न कोऑर्डिनेटरचा, म्हणजे वेगळ्याच इन्स्ट्रुमेंटचा.

आता ठाणं. कुठलं ते लिहीत नाही, अजून तिथेच जायचंय. मुन्शीने सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न, "हवाई जहाज आपका है?" मग आत आवाज दिला, "अरे देखो, भिया का हवाई जहाज है." चहा पाजला, खोटं कशाला बोलू. पण साहेब आले आणि म्हणाले, "सामान तो आया ना? फिर ये तो लेन-देन का मामला है." मी म्हटलं साहेब, पूर्वीचं चारसोबीस, आता बीएनएसचं (नव्या फौजदारी कायद्याचं) ३१८, खोटा कागद आहे हा. म्हणे खातं दुसऱ्या राज्यातलं. मी म्हटलं झिरो एफआयआर (कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी) होते, हद्दीचं कारण देता येत नाही. म्हणे, "आप वकील हो?" मी त्यांना १९८९ ची गोष्ट सांगायचा प्रयत्न केला, नॉर्वेचं पार्टनेयरचं विमान, शेपटीत बनावट बोल्ट, ५५ माणसं समुद्रात. साहेब म्हणाले, "आपका तो उड़ा ही नहीं." आता ह्यावर काय बोलणार!

ठाण्याने सांगितलं सायबरला जा, सायबरच्या टेबलाने सांगितलं माल हातात मिळालाय तर ठाण्यात जा, बँक म्हणाली ओटीपी तुम्हीच टाकला, दिल्लीच्या एका ऑफिसला फोटो आणि कागदांसकट बावीस पानांची तक्रार पाठवली, त्यावर मशीनने पाठवलेली पोच आली. मंगळवारी जनसुनवाईत चार तास उभा राहिलो, अर्जावर शिक्का मारून तो परत त्याच ठाण्यात पाठवला. तिथे मुन्शी मला बघून म्हणाला, "आओ पायलट साहब." एका तक्रारीचं तर "समाधानकारक निराकरण" म्हणून क्लोज केल्याचा मेसेज आला, माझं समाधान कुणी विचारलं? डॉक्टर म्हणतात सोडा. त्यांना सोडायला काय जातंय, ओपीडी चालू आहे.

१९३० ला (सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला) फोन मी अकराव्या दिवशी केला, ती चूक माझी, तोपर्यंत खात्यात काही उरलंच नव्हतं. पैसे गेल्याची शंका आली त्याच तासाला करा, पार्ट खरा की खोटा ते नंतर ठरवा.

आणि ज्यांना वाटतंय की आपण असे फसलो नसतो, त्यांनी २०२३ चं लंडनच्या एओजी टेक्निक्सचं प्रकरण वाचावं. जेट इंजिनाचे पार्ट खोट्या कागदांवर मोठमोठ्या एअरलाइन्सपर्यंत गेले, त्यांच्याकडे तर ऑडिटवाले डिपार्टमेंट असतात. माझ्याकडे काका होते आणि मी त्यांना पैसे देऊन झाल्यावर विचारलं. डेटा प्लेटचा (पार्ट नंबर, सीरियल नंबर असलेल्या पट्टीचा) जवळून फोटो मागा, रिव्हेट दिसले पाहिजेत, आमच्या डीजीवर रिव्हेटच्या भोकांवर स्टिकर होतं.

विमान उभंच आहे. जुने तिन्ही इन्स्ट्रुमेंट शेवटी काकांच्या ओळखीतून ओव्हरहॉलला गेलेत, जायला-यायला किती वेळ लागेल तो लागो. खोटा अल्टीमीटर दुकानात काउंटरवर ठेवलाय, गिऱ्हाईक विचारतात घड्याळ बंद आहे का. साडूबुवांनी त्यांचा वाटा १,०४,०५० मागितला, बरोबरच आहे, निर्णय माझा होता. पहिले २५,००० परवा दिले. त्यांनी पावती मागितली.