साबण-लोशनसाठी ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल वजनकाटा
घरी केलेला साबण त्वचेला झोंबू लागला तेव्हा मी पाककृतीवर संशय घेतला, पण दोष जुन्या वजनकाट्याचा निघाला. ५०० ग्रॅम ऑलिव्ह तेलाला सुमारे ६७ ग्रॅम कॉस्टिक सोडा पुरतो. त्यात ५ ग्रॅम जास्त पडले आणि तेल मुद्दाम वाढवलेले नसेल, तर वडीत मोकळा सोडा उरतो. या नव्या काट्याचा खरा उपयोग लोशन करताना जाणवतो, कारण प्रिझर्व्हेटिव्ह बहुधा शेकडा एक ग्रॅमच्या आसपास घालायचे असते. मात्र पावडर अगदी चिमटी-चिमटीने टाकली, तर आकडा शून्यावरच अडतो. भांडे उचलून पुन्हा ठेवल्यावर योग्य वजन दिसते. सोडा मोजत असताना काटा आपोआप बंद होतो, ही उणीव मला गंभीर वाटते.