कोकणकड्याचा एक फोटो, चार पारखी: लँडस्केपवर खरं मत कुणाचं घ्यावं?

दर पावसाळा सरताना मला कुणी ना कुणी हाच प्रश्न विचारतं: "घरचे म्हणतात फोटो छान येतात. पण खरं कोण सांगेल?" विचारणारा बहुधा दोन-तीन वर्षं सह्याद्रीत फिरलेला असतो. कौतुक भरपूर झालेलं असतं, आणि नुसत्या कौतुकानं हात पुढे सरकत नाही हेही त्याच्या लक्षात आलेलं असतं. मग तो पर्याय मोजतो. सॅलोनमध्ये, म्हणजे परीक्षक गुण देऊन फोटो निवडतात अशा स्पर्धा-प्रदर्शनात, फोटो पाठवावा, एखाद्या ज्येष्ठ छायाचित्रकाराकडे जावं, की आपल्यासारख्याच चार-पाच जणांनी बसून एकमेकांची कामं तपासावीत?

मी हे तिन्ही केलं. चौथं एक न ठरवता घडलं. चारही ठिकाणी एकच फोटो फिरला, त्यामुळे तुलना हातात आहे.

फोटो हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा. नोव्हेंबरातली संध्याकाळ, १६ मिमीची लेन्स. पुढ्यात मोठा खडक, मागे कड्याची रेघ, खाली धूसर कोकण, आणि काठाशी उभा असलेला माझा मित्र, पिवळ्या जर्किनात. आम्ही नळीच्या वाटेनं चढून आलो होतो. तो अख्खा दिवस माझ्यासाठी त्या चौकटीत भरलेला आहे. पाहणाऱ्याच्या पायात मात्र तो चढ नसतो. लँडस्केपबद्दल खरं ऐकणं जड जातं ते यामुळेच: समोरचा फोटोबद्दल बोलत असतो आणि आपण आपल्या दिवसाचा बचाव करत असतो.

सॅलोन: आकडा मिळतो, कारण नाही

सॅलोनची पद्धत सरळ आहे. फोटो पडद्यावर येतो, तीन किंवा पाच परीक्षक काही सेकंदांत गुण देतात, बेरीज ठरलेल्या रेषेच्या वर गेली तर फोटो स्वीकारला जातो. माझ्या फोटोला १५ पैकी ९ मिळाले, हवे होते ११. एवढंच कळलं.

हा अनुभव निरुपयोगी नव्हता. ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, ज्यांना तुमचा चढ माहीत नाही, त्यांच्यासमोर फोटो चार-पाच सेकंद टिकतो का, ही कसोटी इतर कुठेही इतकी स्वच्छ होत नाही. शिवाय नियमांमुळे शिस्त लागते. मी तो फोटो निसर्ग विभागात पाठवला होता. फियाप ही छायाचित्रण संस्थांची आंतरराष्ट्रीय संघटना आणि पीएसए ही अमेरिकी छायाचित्रण संस्था, या दोघींच्या व्याख्येनुसार निसर्ग विभागात भूदृश्यं चालतात, पण माणूस किंवा माणसानं उभारलेलं काही चौकटीत असेल तर ते त्या निसर्गकथेचाच आवश्यक भाग असावं लागतं, आणि फोटोत नंतर काही घालणं किंवा पुसणं चालत नाही. म्हणजे तटबंदी, बुरूज, हेमाडपंती मंदिर असलेले आपले गडावरचे बहुतेक फोटो त्या विभागाचे नव्हेतच. ते खुल्या विभागात जायला हवेत. पिवळं जर्किनही तिथलं नव्हतं. पण हे मी नंतर स्वतः नियम वाचून जाणलं. गुण जर्किनामुळे कमी झाले, खडकामुळे की रंगांमुळे, हे त्या ९ मधून कधीच कळलं नाही.

तेव्हा सॅलोनला अभिप्राय समजू नका. ते मोजमाप आहे. तुमच्याकडे बऱ्यापैकी पक्की पंधरा-वीस कामं असतील आणि त्यांतली कुठली परक्या नजरेसमोर उभी राहतात हे पाहायचं असेल तर जरूर पाठवा. सुरुवातीलाच पाठवलंत तर एक धोका आहे: आकडा वाढवण्यासाठी माणूस फोटो अधिकाधिक भडक करत जातो, कारण काही सेकंदांच्या खेळात भडकपणाला फायदा होतो. कासच्या सड्यावर सप्टेंबरात ढगाळ उजेडात तेरड्याचा जो मऊ गुलाबी रंग असतो, तो या घाईत पहिला बळी जातो.

ज्येष्ठांकडे एकट्यानं जाणं

माझ्या ओळखीच्या एका ज्येष्ठांनी डार्करूमच्या काळात आयुष्य काढलेलं. त्यांच्याकडे प्रिंट घेऊन गेलो. त्यांनी काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे काढले, प्रिंटवर सरकवत सरकवत चौकट लहान केली आणि पुढचा खडक झाकून टाकला. "आता बघ," एवढंच म्हणाले. खडक गेल्यावर कडा एकदम मोठा झाला. १६ मिमीची लेन्स जवळचं फुगवते आणि दूरचं लहान करते, हे मला पाठ होतं. कडा मीच लहान करून ठेवलाय हे मात्र त्या पुठ्ठ्यांनी दाखवलं. मग त्यांनी क्षितिजाजवळच्या डोंगररांगेवर बोट ठेवलं. क्लॅरिटी, म्हणजे संगणकावर बारकावे ठसठशीत करणारा स्लायडर, ताणल्यामुळे रांगेच्या कडेनं पांढरी किनार उमटली होती. फोनवर ती कधीच दिसली नव्हती.

अर्ध्या तासात इतकं नेमकं दुसरीकडे कुठे मिळत नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना अशीच सोय रॉयल फोटोग्राफिक सोसायटीत मिळेल. तिच्या लायसेन्शिएटशिप या पहिल्या पदवीसाठी दहा फोटोंचा संच द्यावा लागतो आणि त्याआधी संच दाखवून सल्ला घेता येतो. दहा फोटो एकत्र मांडले की एका फोटोत न दिसणाऱ्या सवयी उघड्या पडतात. प्रत्येक क्षितिज बरोबर मध्यावर, प्रत्येक आकाश सारखंच काळवंडलेलं.

पण या वाटेला एक जोखीम आहे आणि ती मी भोगली आहे. एकाच माणसाची नजर दोन वर्षं घेतली की आपले फोटो त्याच्यासारखे व्हायला लागतात. चूक कुठली आणि त्याची आवड कुठली, यातला फरक शिकाऊ माणसाला करता येत नाही. अमेरिकी लँडस्केप छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सनं १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला. त्याच एका निगेटिव्हवरून तो पुढे कित्येक वर्षं प्रिंट काढत राहिला. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश उजळ आहे, ढगांचे पट्टे दिसतात. नंतरच्या प्रिंटमध्ये ते जवळजवळ काळं झालं आहे. यातलं बरोबर कुठलं? जाणकार तुम्हाला स्वतःचं उत्तर देईल. ते ऐका, आणि तसं वाटण्याचं कारण विचारा. कारण सांगता आलं नाही, तर ती आवड समजा.

चार-पाच जणांचं टेबल

माझं मत या पर्यायाच्या बाजूनं झुकलेलं आहे, ते आधीच सांगतो.

एकत्र बसून फोटो पाहण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. लंडनमध्ये १८५३ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत तशी संस्था उभी राहिली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. आमचं टेबल म्हणजे पाच जण, महिन्याचा एक रविवार, कुणाच्या तरी घरचं जेवणाचं टेबल. प्रत्येकानं दोन प्रिंट आणायच्या, १२ बाय १८ इंची. साध्या २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची फाइल ६००० पिक्सेल लांब असते, म्हणजे १८ इंचांत इंचाला ३३३ पिक्सेल बसतात. त्या आकाराला भरपूर. फोनवर किंवा लॅपटॉपवर दाखवायचं नाही, कारण प्रत्येकाच्या पडद्याचा उजेड वेगळा, आणि मग फोटोऐवजी पडद्यावर वाद होतो.

नियम एकच. ज्याचा फोटो, त्यानं पहिली दहा मिनिटं बोलायचं नाही. बाकीच्यांनी काय आवडलं हे सांगायचं नाही. काय दिसतं, नजर आधी कुठे जाते, मग कुठे, कुठे थांबते, तेवढंच बोलायचं. अमेरिकी नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी बांधलेली अभिप्रायाची पद्धत याच्या जवळ जाते. त्यात आधी पाहणाऱ्यांनी काय जाणवलं ते सांगायचं, मग कलावंतानं विचारायचं, मग पाहणाऱ्यांनी ज्यांत स्वतःचं मत दडलेलं नाही असे साधे प्रश्न विचारायचे, आणि मत सगळ्यात शेवटी, तेही कलावंताची परवानगी घेऊन.

माझा कोकणकडा टेबलावर आला आणि दहा मिनिटं कड्याबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. सगळे जर्किनाबद्दल बोलले. एकीला भीती वाटली. एकजण म्हणाला, "हा पडेल का, एवढंच मी बघतोय." मला फोटोत भव्यता दिसत होती, पाचांतल्या चौघांना धोका दिसत होता. हे ना आकड्यातून कळलं होतं, ना पुठ्ठ्यातून. त्यातूनच पुढचं बोलणं निघालं. त्या कड्यावर लोक पालथं पडून खाली डोकावतात ते उगाच नाही. काठावर उभ्या माणसाचा फोटो पाहून दुसरा कुणीतरी तसाच उभा राहतो. फोटो घेताना कोण कुठे उभं होतं हेही तपासायला हवं, हे त्या रविवारी ठरलं, आणि तेव्हापासून सड्यावरच्या फुलांच्या फोटोंनाही आम्ही तोच प्रश्न लावतो: पाय कुठे होते?

टेबलाची कमजोरीही सांगायला हवी. पाचही जण साधारण एकाच पायरीवर असले तर जे कुणालाच येत नाही ते कुणीच सांगत नाही. पांढरी किनार आमच्यातल्या एकालाही दिसली नव्हती. शिवाय मैत्री वाढली की जीभ मऊ होते. आम्ही त्यावर उपाय म्हणून वर्षातून दोनदा बाहेरच्या एका जाणकाराला बोलावतो.

त्या जागेचा माणूस

पुढच्या वर्षी गडावर गेलो तेव्हा ती प्रिंट पिशवीत होती. पाचनईचे एक गृहस्थ वर झोपडीत जेवण करून देतात, त्यांना दाखवली. बराच वेळ पाहून म्हणाले, "काका, कडा सरळ दिसतोय यात. त्याचं पोट कुठंय? तुम्ही मधोमध उभे राहिलात. कडेच्या टोकाला जावा, मग तो आत घेतलेला दिसतो." कोकणकड्याचं सगळं वेगळेपण त्याच्या आत वळलेल्या भिंतीत आहे, आणि माझ्या फोटोत ते वळणच नव्हतं. पडद्यावर गुण देणाऱ्यांना ते कळण्याची शक्यताच नव्हती.

रंगांबाबतही हाच अनुभव. भंडारदऱ्याकडे जुलैत काढलेला भातखाचराचा फोटो मी गडद करून ठेवला होता. तिथल्या शेतकऱ्यानं विचारलं, "हा श्रावण संपतानाचा का?" लावणीनंतरचं रोप फिकट, पोपटी असतं, माझ्या स्लायडरनं त्याला महिनाभर वाढवून टाकलं होतं. पोपटी, शेवाळी, काळपट हिरवा असे शब्द आपल्या बोलण्यात रोज असतात. अभिप्रायात ते वापरले तर "सॅच्युरेशन जास्त आहे" यापेक्षा कितीतरी नेमकं बोलता येतं. या माणसाकडून रचना किंवा प्रिंटचे दोष कळणार नाहीत, पण फोटो त्या जागेशी आणि ऋतूशी खरा आहे का, हे त्याच्याइतकं कुणी सांगणार नाही.

आपण बोलण्याची पाळी आली की

घेणाऱ्याइतकाच देणाराही शिकतो. टेबलावर बसायचं ठरवलंत तर मनात तीन कप्पे ठेवा. घरी बसून सुधारता येणारं: वाकडं क्षितिज, पांढरी किनार, रंग, कातरणं. परत जाऊन सुधारता येणारं: उभं राहण्याची जागा, उजेड, ऋतू, लेन्स. आणि तिसरा कप्पा निव्वळ आपल्या आवडीचा. बोलताना कप्प्याचं नाव घेऊन बोला. "कॉन्ट्रास्ट वाढव" हा हुकूम झाला. "मधली दरी आणि मागचा डोंगर मला एकाच रंगाचे दिसतात, अंतर कळत नाही" हे निरीक्षण आहे, आणि त्यावर काय करायचं ते फोटो काढणाऱ्यानं ठरवावं. त्याला कदाचित तो धूसरपणाच हवा असेल.

दुसरा कप्पा लँडस्केपचं खास भाग्य आहे. लग्नातला क्षण हुकला तर हुकला. डोंगर तिथेच असतो. म्हणून ज्या अभिप्रायानंतर तुम्ही ठरलेलं एक काम घेऊन त्याच जागी परत जाता, तो सगळ्यात मोलाचा. या मापानं पाहिलं तर माझ्या फोटोला सॅलोननं कुठेच पाठवलं नाही, ज्येष्ठांनी संगणकापाशी पाठवलं, टेबलानं आणि पाचनईच्या गृहस्थांनी परत गडावर पाठवलं.

तेव्हा नुकती सुरुवात असेल तर आधी टेबल जमवा. तीन माणसंही पुरतात. वर्षभरानं, तेच तेच ऐकू यायला लागलं की, दहा प्रिंट घेऊन जाणकाराकडे जा आणि एकाच जाणकारावर थांबू नका. सॅलोनचं शुल्क त्यानंतर भरा. गाव सोडण्याआधी तिथल्या कुणाला तरी फोटो दाखवायला मात्र कुठल्याच टप्प्याची वाट पाहायला नको.

माझा नवा कोकणकडा टोकाकडून घेतला आहे. लेन्स ३५ मिमीची, पुढ्यात खडक नाही, काठावर माणूस नाही. प्रिंट लॅबमधून परवा आली. येत्या रविवारी ती टेबलावर जाईल आणि पहिली दहा मिनिटं मी गप्प बसेन.